गिरणीचा नंबर

मित्रांनो, मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको. कपाटावर, मोडक्या टेबलफॅनच्या आणि रिकाम्या खोक्यांच्या शेजारी जो पडलेला असतो, तो जुनाच असतो. मी कीबोर्ड आहे. माझ्या अंगावरचे आकडे बोटांनी घासून पार पुसून गेले आहेत, अक्षरं मात्र अजून बरी दिसतात. त्यावरून शहाण्यानं ओळखावं की माझा जन्म कविता लिहिण्यात गेला नाही. तो गेला लोकांचे फोन नंबर मारण्यात.

मी कुठं तयार झालो ते सांगण्यासारखं काही नाही. इतर वस्तू आपल्या जन्माच्या मोठमोठ्या कथा सांगतात, कुणाला जंगल आठवतं, कुणाला कुंभाराचे हात आठवतात. मी प्लॅस्टिकचा. एका कारखान्यात हजारो भावंडांबरोबर पट्ट्यावरून सरकत सरकत खोक्यात पडलो, एवढंच. खोकं उघडलं तेव्हा मी गुलबर्ग्यात होतो. सरकारी कागदावर या शहराला कलबुर्गी म्हणतात, पण आमच्या माडीवर येणारा जो तो गुलबर्गाच म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. गंजात, म्हणजे इथल्या धान्यबाजारात, तुरीच्या डाळीचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर दोन खोल्या, चार टेबलं आणि दारावर भलीमोठी पाटी, असं महेशकुमारचं ऑफिस होतं. खालून डाळीची पूड उडायची आणि थेट माझ्या फटींत बसायची.

महेशकुमारचा धंदा असा होता. कुणाला हजारो लोकांना फोन करून काही कळवायचं असलं की तो महेशकुमारकडे यायचा. शिकवणीवाले यायचे, प्लॉटवाले यायचे, बियाणंवाले यायचे. ते कुठून कुठून गोळा केलेली नावं आणून द्यायचे. ती एक्सेलमध्ये ओळीनं बसवायची. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात नंबर, चौथ्यात भाषा. मग कामाला ठेवलेल्या मुली एकेका ओळीवरून फोन लावायच्या. यादी नीट तर फोन नीट, इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट कळायलाही थोडं डोकं लागतं, आणि महेशकुमारनं आपलं डोकं पाटी रंगवण्यातच संपवलं होतं.

त्याच्या अकलेचे नमुने किती सांगू? एकदा एका प्लॉटवाल्यानं आपल्या मोबाईलमधली सगळी नावं जशीच्या तशी आणून दिली. ‘पप्पू टेंपो’, ‘दूधवाला नवीन’, ‘मेहुणा बिदर’, आणि एक नाव होतं ‘उचलू नको’. असं नाव आईबाप कुणाचं ठेवत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. महेशकुमारनं यादीवरून नजरसुद्धा फिरवली नाही. फोन लावणारी मुलगी बिचारी समोर लिहिलं असेल ते वाचायची. तिनं अगदी गोड आवाजात विचारलं, “नमस्कार, उचलू नको सर बोलतायत का?” पलीकडच्या माणसानं काय उत्तर दिलं ते मी मुलांसमोर सांगणार नाही.

भाषेचा रकाना तर विचारूच नका. आपल्या या सीमेवर माणूस घरात एक भाषा बोलतो, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी. महेशकुमारनं त्याचा निकाल बसल्या जागी लावला. नावाच्या शेवटी अप्पा आलं की कन्नड, राव आलं की मराठी, खान आलं की उर्दू. त्या हिशेबानं बियाण्याच्या यादीतल्या रेवणप्पा नावाच्या शेतकऱ्याला कन्नडमध्ये फोन गेला. फोन करणारी घरची मराठी, ऐकणारा घरचा मराठी, आणि दोघंही कन्नडमध्ये धडपडत होते. शेवटी रेवणप्पाच म्हणाला, “ताई, कामून येवढा तरास घ्यायलाव? मराठीत बोला की.” महेशकुमारला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला की चूक रेवणप्पाच्या नावाची आहे.

माझ्या शेजारी एक माऊस असायचा. दोन बटणं आणि एक चाक, एवढीच त्याची पुंजी, पण मिजास अशी की सगळी यादी जणू त्यानंच केली. मी दिवसभर ठोके खायचे आणि यानं शेवटी एक टिचकी मारून शाबासकी घ्यायची. महेशकुमारला तो फार आवडायचा. यात नवल काही नाही, कमी कष्टात मोठं दिसायची दोघांनाही हौस होती.

औरादची विजयश्री कामाला आली आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. आल्या आल्या ती दात घासायच्या जुन्या ब्रशानं माझ्या फटींतली डाळीची पूड काढायची. तिचे ठोके हलके होते. महेशकुमारसारखं ती बटणांवर हातोडा मारायची नाही. माझ्या टेबलावर महेशकुमारही बसायचा, म्हणून त्यानं एकदा तिला दुसऱ्या टेबलावर बसायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “ह्याच कीबोर्डावर हात बसलाय माझा, सर. ह्योच राहू द्या.” मित्रांनो, मला मिळालेलं कौतुक एवढंच. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

महेशकुमार सगळ्यांना सांगायचा, “आम्ही पक्के गुलबर्ग्याचे.” बोलतानाही तो शहरी बोलायचा आणि राग आला की मात्र त्याची जीभ आपोआप गावाकडे पळायची. मला खरं ठाऊक होतं. त्यानं आपला पासपोर्टचा अर्ज माझ्यावरच भरला होता. जन्मगाव दुबलगुंडी, तालुका हुमनाबाद. वडील ग्यानबा, आई राजूबाई. त्याच्या मोबाईलवर अधूनमधून ‘गिरणी’ असं नाव उमटायचं आणि फोन टेबलावर थरथरायचा. महेशकुमार तो उलटा करून ठेवायचा. फोन थरथरून थरथरून गप्प व्हायचा.

एकदा त्यानं तो चुकून उचलला. मागे पिठाच्या गिरणीची घरघर होती आणि तीतून एका म्हातारीचा आवाज येत होता. “म्हेश, डोळ्यानं दिसंना झालंय रं. भाकर तव्यावर टाकाया गेले की भाईर पडायलीय. दोनदा हात भाजला.” महेशकुमार म्हणाला, “बघू आई. आत्ता मीटिंगमधी हाय.” मीटिंग म्हणजे त्याच्या पुढ्यात गरम भज्यांची पुडी होती. तिचं तेल त्यानं नंतर माझ्या अंगाला पुसलं.

पुढे एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. त्यांच्या डॉक्टरांनी गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासले होते आणि ज्यांचा मोतीबिंदू पिकला होता त्यांचे फॉर्म भरून आणले होते. गावात दवाखान्याची गाडी जाणार, माणसांना घेऊन येणार, फुकट शस्त्रक्रिया करून परत सोडणार. त्याआधी प्रत्येकाला फोन करून विचारायचं. जो हो म्हणेल त्यालाच गाडीत जागा. इतके दिवस आम्ही लोकांना नको असलेल्या गोष्टी विकत होतो. पहिल्यांदाच असं काम आलं होतं की ज्या फोनची कुणीतरी वाट पाहत होतं.

विजयश्रीनं दुबलगुंडीचा गठ्ठा उघडला. सिद्धव्वाचं नाव मारलं, मग नंबर. चांगुणाबाईचं नाव मारलं, मग नंबर. तिसरं नाव, चौथं नाव, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या त्याच बटणांवर त्याच क्रमानं ठोके पडत आहेत. नावं बदलत होती, दहा आकडे तेच होते. आणि मग नाव आलं राजूबाई ग्यानबा. वय, गाव, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तातडीचं. नंबर तोच. मला कळलं ही कोण ते. पण कीबोर्डाचं दुर्दैव असं की दाबल्याशिवाय त्याला बोलता येत नाही.

विजयश्रीही थांबली होती. ती म्हणाली, “सर, दुबलगुंडीच्या लई बायकांचा एकच नंबर हाय.”

महेशकुमारनं मान वर केली नाही. “फॉर्म भरणारा आळशी असेल. सगळ्यांना एकच नंबर लिहून मोकळा झाला.”

“न्हाई सर, आमच्या औरादकडं बी गल्लीत एखाद्याचाच फोन कायम लागतंय. त्योच समदे देत्यात. नावं तरी एकदा बघा की.”

“नावं बघून काय करू? खेड्यातल्या बायका, निम्म्यांची नावं सारखीच असतात. दवाखान्याला क्लीन डाटा पाहिजे. एक नंबर, एक माणूस. हो बाजूला.”

एक्सेलमध्ये एक सोय आहे. एकच नंबर पुन्हा पुन्हा आला तर पहिली ओळ ठेवायची आणि बाकीच्या काढून टाकायच्या. अक्कल असलेल्याच्या हातात ती सोय चांगली असते. महेशकुमारनं माऊस पकडला, माऊसनं ऐटीत टिचकी मारली, आणि दुबलगुंडीची एक आख्खी गल्ली यादीतून गेली. उरली एकटी सिद्धव्वा, आणि तीही तिचा फॉर्म गठ्ठ्यात वर होता म्हणून. विजयश्रीनं एक-एक करून मारलेली नावं, माझ्या अंगावर पडलेले ते सगळे ठोके, कशाचाच मागमूस राहिला नाही. राजूबाईला तिच्या पोटच्या पोरानं पुसलं होतं आणि पुसून झाल्यावर त्यानं चहा मागवला. फॉर्म दवाखान्याला परत गेले. यादीला त्यानं नाव दिलं ‘फायनल क्लीन’.

दुसऱ्या दिवशी विजयश्रीनं त्या नंबरवर फोन लावला आणि सिद्धव्वा आहे का विचारलं. पलीकडची घरघर थांबली. “मी मंगल बोलायलेय, गिरणीतून. सिद्धव्वाला सांगते, ती येतीय म्हणून लिवा. आता बाकीच्यांचं सांगा.”

“बाकीच्या कोण?”

“आवो, आमच्या गल्लीतल्या समद्या. कुणी रानात जातंय, कुणाकडं फोनच न्हाई. मी दिसभर गिरणीत असते म्हणून समद्यांनी माझाच नंबर दिलाय. दळण न्यायला आल्या की मी निरोप देते. चांगुणाबाई हाय, राजूआक्का हाय. राजूआक्काला तर आता माणूस बी वळखू येईना झालंय.”

विजयश्रीनं यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि ती महेशकुमारकडे गेली. “सर, ती चूक नव्हती. त्या गिरणीवाल्या ताईच्या नंबरवर खरंच लई जणी हायत. कुणी राजूबाई हाय, तिला तर दिसतच न्हाई म्हणं.”

महेशकुमार म्हणाला, “राजूबाया गावोगाव पैशाला पासरी आहेत. यादी गेली. आता दवाखान्याला काय सांगू, आमचं चुकलं म्हणून?”

मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. आईचं नाव त्याच्या तोंडातून निघालं आणि त्याला काहीच आठवलं नाही. त्याच्याबद्दल मला आधीही आदर नव्हता, पण तिरस्कार कशाला म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. विजयश्री जागेवर आली. तिनं मंगलला फोन करून खरं ते सांगितलं आणि ऑफिसचा पत्ता दिला. तिच्या हातात तेवढंच होतं.

गाडी दुबलगुंडीला जाऊन आली. त्यानंतर एके दिवशी दोन बायका आमचा जिना चढून वर आल्या. पुढे मंगल होती, आणि तिच्या हाताला धरून, पायानं पायरी चाचपत राजूबाई. महेशकुमार माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. त्याच्या पाठीमागे खिडकी होती. मंगलनं त्याला पाहिलं आणि ती दारातच थबकली. महेशकुमारनं दोन्ही हात जोडले आणि मानेनंच खुणावलं की बोलू नको. मुलींसमोर आपलं गाव, आपली आई उघडी पडेल, याची त्याला त्या वेळीही काळजी होती.  मंगलनं ऐकलं, पण त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला फार आवडली.

राजूबाईला खिडकीच्या उजेडात एक काळी आकृती तेवढी दिसत असावी. तिनं त्या आकृतीला नमस्कार केला. “सायेब, गावात गाडी आलती. मी गाठुडं घिऊन सकाळधरनं हुबी होते. गाडीवाला म्हणला, तुमचं नाव न्हाई. कामून काढलाव सायेब? माझं काय चुकलं का?”

 साहेबानं तोंड उघडलं असतं तर तिनं आवाज ओळखला असता. म्हातारी उत्तराची वाट पाहत हात जोडून उभी राहिली. अखेर विजयश्रीच उठली, तिनं तिला खुर्ची दिली आणि म्हणाली, “आजी, तुमचं कायबी चुकलं न्हाई. एकाच नंबरवर लई नावं होती म्हणून निघाली. घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर न्हाई व्हय?”

“हाय की बाई, पोराचा हाय. हितंच असतंय गुलबर्ग्याला. फोन लावायचंच काम हाय म्हणं त्याचं, समद्या मुलकाला लावतंय. पर माझा उचलंना. कामात असतंय लेकरू. त्याचा नंबर दिला आन् दवाखान्याचा निरोप बुडाला तर काय करू? म्हणून मंगलचा दिला.”

मुलींनी कानावरचे फोन खाली ठेवले होते. मंगल म्हणाली, “आता तरी बोल की, म्हेश.”

“आई,” महेशकुमार म्हणाला.

राजूबाईनं आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं. मित्रांनो, ती रागावेल, दोन शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. निदान मी तरी तशी आस लावून बसलो होतो. ती म्हणाली, “म्हेश? तू हितं व्हय? कामात हाईस का? मग चालू दे तुझं. ह्या बाईनं नाव लिवून घेतलं की आमी जातो.”

महेशकुमारची मान खाली गेली. “मीच नेतो तुला आई. सोमवारी. मोठ्या दवाखान्यात दाखवू.”

“ने की. पर नाव बी लिवून ठेव.”

विजयश्रीनं दवाखान्याला फोन केला. पुढची गाडी काही महिन्यांनी होती. तिनं मला पुढ्यात ओढलं आणि मंगल नावं सांगू लागली. तिच्याकडे कागद नव्हता. गिरणीत दळणाचे डबे ज्या क्रमानं लागतात त्याच क्रमानं ती सांगत होती, कुणाची ज्वारी, कुणाचे गहू, कुणाचा हरभरा. राजूबाईचं नाव शेवटी आलं. तेव्हा महेशकुमारनं विजयश्रीला बाजूला व्हायला सांगितलं आणि माझ्यावर हात ठेवला. आईच्या नावापुढे त्यानं स्वतःचा नंबर मारला. एकेक आकडा मोठ्यानं म्हणत मारला, तिला ऐकू जावा म्हणून.

राजूबाईनं विचारलं, “ह्यो कुणाचा रं?”

“माझा, आई.”

“नको बाबा. गिरणीचाच लिव. तिथं उचलत्यात.”

ती हे कुरकुरत म्हणाली नाही, टोमणाही मारला नाही. दुकानात पिशवी परत करावी तितक्या सहज तिनं पोराचा नंबर परत केला. महेशकुमारनं आपले आकडे पुसले आणि गिरणीचा नंबर मारला. तो त्यानं मंगलला विचारला नाही, मोबाईलमध्ये शोधला नाही. त्याला तो तोंडपाठ होता. कॉलेजच्या अर्जावर, पहिल्या नोकरीच्या अर्जावर त्यानंही हाच दिला असणार, आणि मंगलनं गिरणी थांबवून त्याचेही निरोप घरी नेले असणार. म्हणजे त्या दिवशी विजयश्री सांगत होती ते त्याला तिच्याहून जास्त ठाऊक होतं. इथं मला त्याची कीव आली असं म्हटलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. मला आली नाही.

सोमवार आला. त्या दिवशी प्लॉटवाल्याची नवी यादी आली आणि महेशकुमारनं गिरणीत कळवलं की पुढच्या सोमवारी बघू. तो पुढचा सोमवार अजून यायचाच आहे. दवाखान्याची गाडी मात्र ठरल्या वेळी गेली. त्याआधी विजयश्रीनं फोन लावला, घरघर थांबली, आणि मंगलनं सगळ्या जणींच्या वतीनं एकदाच हो म्हटलं. राजूबाईच्या उजव्या डोळ्याला आता दिसतं. डाव्या डोळ्याला उशीर झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. पहिल्या गाडीनं आली असती तर तोही वाचला असता.

त्यानंतर महेशकुमार माझ्यासमोर बसेना. याची बटणं अडकतात, असं म्हणून त्यानं बिनतारी कीबोर्ड आणला आणि मला कपाटावर टाकलं. माझं एकही बटण अडकत नाही. विजयश्रीनं दुसरीकडे काम धरलं आणि जाताना तिनं मला एकदा ब्रश फिरवला. आता माझ्यावर धूळ बसते आणि ती मी बसू देतो.

अशा गोष्टींच्या शेवटी काहीतरी मागायची पद्धत आहे. जुन्या वस्तूंना टाकू नका, पुसून ठेवा, असं मीही म्हणायला हवं. मला खुशाल टाका, माझं काही अडलेलं नाही. तुमच्यातलं कुणीतरी उद्या अशाच याद्या करायला बसेल. ओळ पुसण्याआधी त्या ओळीतलं नाव एकदा तोंडानं वाचा, एवढं केलं तरी पुष्कळ झालं. आणि मित्रांनो, शिका, शहरात जा, दारावर पाटी लावा. पण आपल्या आईला कागदावर शेजारणीचा नंबर लिहावा लागेल, इतके मोठे होऊ नका.